लोकर, वजन की जुळी : फलटण पट्ट्यातल्या डेक्कनी कळपाचा हिशेब

सह्याद्रीला अडलेले ढग फलटण, माण, खंडाळ्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं पाणी उरलेलं नसतं. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कुसळी गवताचं माळरान, ओढ्याकाठी बाभळी आणि जिथे कालवा गेलाय तिथे ऊस. सातारा जिल्ह्याच्या या कोरड्या पट्ट्यात धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली मेंढी म्हणजे डेक्कनी. मादी भरली तरी तीस किलोच्या आतबाहेर. बहुतेक वेळा एका वेताला एकच कोकरू. अंगावरची लोकर जाड, केसाळ, काळी किंवा काळी-पांढरी. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालून जे मिळेल ते खाणारी आणि उन्हापावसात उघड्यावर बसणारी ही मेंढी.

या प्रकरणात एकच प्रश्न तपासायचा आहे. पन्नास विणाऱ्या मेंढ्यांच्या कळपात मेंढा कोणता सोडायचा? प्रश्न मेंढ्याचा, म्हणजे नराचा आहे, कारण पन्नास माद्यांना एक-दोन नर पुरतात आणि पुढच्या पिढीचं निम्मं रक्त त्या एक-दोघांचं असतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नाला चार उत्तरं पुढे आली : बारीक लोकरीसाठी परदेशी मेरिनो किंवा रॅम्बुये, आपलाच निवडलेला डेक्कनी, वजनासाठी माडग्याळ, आणि जुळ्या कोकरांसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत तयार झालेला ‘नारी सुवर्णा’. प्रत्येक उत्तरामागे मेंढपाळाचा पैसा कुठून येतो याची एक समजूत होती. समजूत चुकली तिथे मेंढा कितीही चांगला असला तरी कळप तोट्यात गेला.

पैसा येतो कुठून

डेक्कनी मेंढीची गणना लोकरीच्या मेंढ्यांत होते. तिच्या अंगावरून वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर निघते, तीही दोन कातरण्या मिळून. धाग्याची जाडी साधारण चाळीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून जास्त. सुटाबुटाच्या कापडाला लागणारी मेरिनो लोकर सतरा ते तेवीस मायक्रॉनची असते. देशात निघणाऱ्या लोकरीपैकी सुमारे ८५ टक्के गालिच्याच्या प्रतीची, जेमतेम ५ टक्के कपड्याच्या प्रतीची आणि उरलेली त्याहूनही भरड असते. डेक्कनी लोकर या भरड टोकाला बसते. तिचा खरा ग्राहक एकच होता, घोंगडी विणणारा सनगर. चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर विणलेली काळी घोंगडी शेतकऱ्याच्या खांद्यावर होती तोवर लोकरीला मागणी होती. गिरणीची ब्लँकेटं, प्लॅस्टिकचे इरले आणि आयात लोकर आली तशी ती मागणी आटली. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त आहे आणि कातरलेली लोकर रानातच टाकून वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, पुढे निघतो.

मग पैसा येतो तो कोकरांतून. नर कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की व्यापारी वाड्यावर येऊन घेऊन जातो, किंवा ते लोणंदच्या बाजारात जातं. कळपाच्या रोख उत्पन्नाचा बहुतांश भाग हाच. त्याच्या खालोखाल लेंडीखत : शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढ्या बसवल्या की धान्य किंवा रोख मिळते. मटणाचा भाव वाढत गेला आणि सेंद्रिय खताची ओढ वाढली, म्हणून ही दोन्ही उत्पन्नं टिकून आहेत.

पन्नास मेंढ्यांचा हिशेब मांडून पाहू. पुढचे सगळे दर मांडणीसाठी मी धरलेले आहेत. गाव, साल आणि बाजार बदलला की ते बदलतील आणि प्रत्येकाने आपले दर घालून हा हिशेब पुन्हा करावा. दर मेंढीमागे वर्षाला ६०० ग्रॅम लोकर धरली तर ३० किलो. किलोला १५ रुपये धरले तर ४५० रुपये. एका मेंढीच्या एका कातरणीला २० रुपये, वर्षात दोन कातरण्या, म्हणजे २,००० रुपये. लोकरीच्या खात्यावर १,५५० रुपयांची तूट. ही तूट भरून निघायला लोकरीला किलोमागे जवळपास ६७ रुपये मिळायला हवेत. निवडीने लोकर एक तृतीयांशाने वाढवली, ३० किलोची ४० किलो केली, तरी हातात वर्षाला दीडशे रुपये जास्त पडतात. त्यासाठी पाच-सात वर्षं लोकरीकडे बघून मेंढे निवडत बसावं लागेल, आणि तेवढा काळ वजन आणि दूध या गुणांकडे दुर्लक्ष होईल.

लोकरीला भाव नाही तरी कातरणी मात्र टाळता येत नाही. न कातरलेल्या अंगात गोचीड आणि पिसवा माजतात, कुसळं अडकतात, उन्हाळ्यात मेंढी धापा टाकते. म्हणजे आज या कळपात लोकर हा आरोग्यावरचा खर्च आहे. जातनिवडीचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्यांदा वहीत लिहून ठेवावी.

बारीक लोकरीचा प्रयोग

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत विचार असा होता की देशी मेंढी कमी आणि भरड लोकर देते, तेव्हा तिचा संकर मेरिनोशी केला तर लोकर वाढेल, बारीक होईल आणि आयात वाचेल. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये मेंढी पैदाशीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. रशियातून मेरिनो आणि अमेरिकेतून रॅम्बुये मेंढे आले. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात डेक्कनीचे मेरिनो आणि डॉर्सेट या परदेशी जातींशी संकर करून पाहिले गेले. सरकारी प्रक्षेत्रांवरच्या नोंदींत संकरित मेंढ्यांची लोकर वाढली आणि सुधारलीही. प्रक्षेत्रावर गोठा होता, चारा होता, जनावरांचा डॉक्टर होता.

वाड्यावर यातलं काहीच नसतं. दाट लोकरीत कुसळं घुसून कातडीपर्यंत पोचतात. संकरित मेंढी उन्हात चालताना मागे पडते आणि मागे पडलेल्या मेंढीसाठी वाडा थांबत नाही. रोगांना ती लवकर बळी पडते. मोठा अडथळा मात्र बाजाराचा होता, आणि माझ्या मते त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही. संकरित मेंढीची लोकर घोंगडीला हवी तशी भरड राहिली नाही आणि सुटिंगच्या गिरणीला हवी तशी बारीक झाली नाही. गिरणीला एकसारख्या प्रतीचा माल टनांनी लागतो. पाच-पाच मेंढ्यांची, प्रत्येक कळपात वेगळी, काळी-पांढरी मिसळलेली लोकर गोळा करून प्रतवारी करणारी व्यवस्था पश्चिम महाराष्ट्रात उभीच राहिली नाही. मध्यम प्रतीच्या त्या लोकरीला जुना ग्राहक उरला नाही आणि नवा मिळाला नाही.

हाच प्रयोग काश्मीरमध्ये रुजला. तिथल्या गद्दी, बकरवाल, पूंछी मेंढ्यांवर मेरिनो आणि रॅम्बुयेचं रक्त चढवून ‘काश्मीर मेरिनो’ तयार झाली आणि ती टिकली. तिथे थंडी आहे, उंचावरची हिरवी कुरणं आहेत आणि लोकरीवर जगणारे कारागीर आहेत. माणच्या माळावर यातली एकही गोष्ट नाही. धनगरांनी संकरित मेंढे नाकारले तेव्हा काही जणांनी त्यांना मागासलेलं ठरवलं. त्यांनी आपल्या कळपाचा हिशेब बरोबर केला होता.

माडग्याळचं वजन

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची. लोकर नावाला. कोकरू झपाट्याने वाढतं, म्हणून व्यापारी जास्त पैसे मोजतो. नाकाच्या बाकाला आणि डौलाला हौशी बाजारात जे मोल येतं ते वेगळंच : २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची बोली लागली होती. त्या बोलीचा मटणाच्या हिशेबाशी संबंध नाही आणि तिच्याकडे बघून कळपाचा मेंढा निवडू नये.

साधा हिशेब असा. डेक्कनी मेंढी तीस किलोची, माडग्याळ रक्ताची चाळीस किलोची धरली तर तिला जगायलाच सुमारे पाव पट जास्त चारा लागतो. माळ तेवढाच आहे. ज्या रानावर पन्नास डेक्कनी पोसल्या जातात तिथे चाळीसच माडग्याळ पोसता येतील. चाळीस वेतांना ४२ कोकरं, त्यातली दहा टक्के मेली तर ३८ उरली, आठ माद्या कळपात ठेवल्या, ३० विकली. कोकरू ६,००० रुपयांना गेलं तर १ लाख ८० हजार, ६,५०० ला गेलं तर १ लाख ९५ हजार. पन्नास डेक्कनीचा आकडा पुढे येईल, त्याच्याशी हे ताडून पाहता येईल. आत्ता एवढंच की वाढलेलं वजन फुकट येत नाही. ज्याच्याकडे मका, कडबा, बांधावरचा पाला आहे आणि जो मेंढ्या घरी बांधून पाळतो त्याला माडग्याळ परवडते. उघड्या माळावर फायदा भावावर टांगलेला राहतो.

सुंदरबनातून फलटणला

चौथ्या उत्तराची गोष्ट लांबची आहे. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी आहे. दहा-चौदा किलोची, खाऱ्या दलदलीत गुडघाभर पाण्यात चरणारी, आणि एका वेताला दोन, कधी तीन कोकरं देणारी. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात पोचल्या. त्या तिथल्या कळपांत मिसळून गेल्या आणि विसरल्या गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंनी आपल्या मेरिनोंतून जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्या वेचून ठेवल्या. १९५८ मध्ये त्यांनी एका वेताला झालेल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला दिला. हेलन न्यूटन टर्नर या शास्त्रज्ञ बाईंनी या कळपाचं मोल ओळखलं होतं. १९८० च्या सुमारास स्पष्ट झालं की बुरूला मेरिनोची ही खोड एकाच मोठ्या जनुकामुळे आहे. त्याला ‘फेक-बी’ म्हणतात. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी त्या जनुकातला नेमका बदल शोधला आणि पुढच्याच वर्षी दिसून आलं की गॅरोलमध्येही तोच बदल आहे. बंगालमधून गेलेलं रक्त दोनशे वर्षांनी असं ओळखू आलं.

फलटणमध्ये बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापली. १९९० पासून तिच्या पशुसंवर्धन विभागाचं काम डॉ. चंदा निंबकर पाहत आल्या. त्यांनी १९९० च्या दशकात सुंदरबनातून गॅरोल मेंढ्या फलटणला आणल्या. गॅरोल जशीच्या तशी या माळावर उपयोगाची नव्हती. एवढ्याशा अंगाच्या कोकराला बाजारात कोण विचारणार? हवा होता तो तिच्यातला एकच जनुक. डेक्कनीशी संकर, मग पुन्हा डेक्कनीशी, असं पिढ्यामागून पिढ्या करत अंग डेक्कनीचं ठेवायचं आणि जनुक गॅरोलचा टिकवायचा, अशी ही पैदास. पुढे यात कर्नाटकातल्या मांड्या भागातल्या बन्नूर मेंढीचं आणि दुधासाठी इस्राएलच्या अवासी मेंढीचंही रक्त आलं. ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन सहकार्य निधीतून मदत मिळाली, आणि कोणत्या मेंढ्यात जनुक आहे हे ओळखणाऱ्या डीएनए चाचणीचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने झालं.

ही चाचणी या सगळ्याचा कणा आहे. मेंढा बघून वजन कळतं, लोकर कळते, रंग कळतो. जुळ्यांचा जनुक बघून कळत नाही, कारण तो दिसतो मेंढ्याच्या मुलींमध्ये आणि त्याही व्यायला लागल्यावर. ज्या मेंढ्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक बापाकडून आलेली) आहेत त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत उतरते. एकच प्रत असलेल्या मेंढ्याच्या निम्म्या मुली कोऱ्या निघतात. विकत घेणाऱ्याला दोन्ही मेंढे सारखेच दिसतात. म्हणून चाचणीचा कागद नसेल तर त्या मेंढ्याला जुळ्यांच्या नावाखाली जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

मेंढपाळांच्या कळपांत एक प्रत असलेल्या मेंढीला एका वेताला सरासरी दीडच्या आसपास जिवंत कोकरं मिळतात, डेक्कनीला एकाच्या किंचित वर. दुसरी प्रत आली म्हणून कोकरं दुप्पट होत नाहीत. उलट तिळी वाढतात, आणि दोन सडांच्या मेंढीला तिळी सांभाळणं वाड्यावर अशक्यच. कळपातल्या माद्यांमध्ये एकच प्रत असलेली बरी.

पन्नास मेंढ्यांचं गणित

आधी मूळ डेक्कनी कळप. वर्षाला ५० वेतं धरू, काही मेंढ्या दोनदा वितील, काही रिकाम्या राहतील. दर वेताला १.०५ प्रमाणे ५२ कोकरं. दहा टक्के मेली, ४७ उरली. म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागी दहा माद्या ठेवल्या. ३७ विकली, प्रत्येकी ५,००० रुपयांना : १ लाख ८५ हजार. आता माडग्याळचे आकडे याच्या शेजारी ठेवा. कोकरामागे हजार रुपये जास्त मिळूनही ६,००० च्या भावाला माडग्याळ कळप पाच हजारांनी मागे राहतो, ६,५०० च्या भावाला दहा हजारांनी पुढे जातो.

आता तोच डेक्कनी कळप, पण निम्म्या मेंढ्यांत जुळ्यांचा जनुक. पंचवीस जनुकवाल्या मेंढ्यांना दीडप्रमाणे आणि पंचवीस साध्या मेंढ्यांना १.०५ प्रमाणे मिळून ६३ कोकरं जन्मली. जुळी कोकरं जन्मतःच हलकी असतात, त्यामुळे मर थोडी वाढणारच. ती १५ टक्के धरली तर ५३ जगली. दहा ठेवली, ४३ विकली. जुळ्यांचं वजन कमी म्हणून सरासरी भाव ४,७०० धरू : २ लाख २ हजार १००. यातून जुळी देणाऱ्या बाराएक मेंढ्यांना विण्याच्या आधी आणि नंतर मिळून साठ दिवस रोज पाव किलो खुराक, म्हणजे प्रत्येकी १५ किलो, २५ रुपये दराने ३७५, एकूण ४,५०० वजा. हातात १ लाख ९७ हजार ६०० राहिले. मूळ कळपापेक्षा १२,६०० रुपये जास्त, आणि तेही मेंढ्यांची संख्या न वाढवता. चराईची रानं आक्रसत असताना ही गोष्ट मोठी आहे.

पण तोच कळप खुराकाविना आणि लक्ष न देता पाळला, मर २५ टक्क्यांवर गेली, तर काय होतं? ६३ जन्मली, ४७ जगली. मूळ डेक्कनी कळपातही ४७ च जगली होती. अकरा कोकरं जास्त जन्मून एकही जास्त वाचलं नाही. विकायला पुन्हा ३७ च, भाव मात्र ४,७०० : १ लाख ७३ हजार ९००. साध्या कळपापेक्षा ११ हजार १०० रुपये कमी, शिवाय दोन-दोन गर्भ पोसून मेंढ्या खंगलेल्या. पुढच्या वर्षी त्या उशिरा गाभण राहतील, तो तोटा वेगळाच.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या दृष्टीने हीच आहे. मेंढा एकच, जनुक एकच. फायदा की तोटा हे पहिल्या आठवड्यात किती कोकरं जगली यावर ठरतं. नफ्याची रेघ १५ ते २५ टक्के मरीच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ती ओलांडायची की नाही हे वाड्यावरची बाई ठरवते. कारण व्यायलेल्या मेंढीखाली कोकरू लावणं, अशक्त कोकराला वाड्यातल्या शेळीचं दूध पाजणं, आई नाकारत असेल तर तिला धरून ठेवणं, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं ऊबेला ठेवणं ही कामं बहुतेक घरांत बायकाच करतात. जुळ्यांचा मेंढा घ्यायचा निर्णय बाजारात पुरुष करतो आणि त्याचं वाढलेलं काम तिच्या वाट्याला येतं. तिला विचारल्याशिवाय हा मेंढा कळपात सोडू नये.

भटकंतीचा प्रश्न यालाच जोडून आहे. दिवाळीनंतर जे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात त्यांची लहान कोकरं घोड्याच्या पाठीवर लादून न्यावी लागतात. घोडं किती कोकरं नेणार याला मर्यादा आहे. लांबच्या वाटेवरच्या वाड्यांनी जुळ्यांबद्दल नाराजी दाखवली तर ते स्वाभाविकच. जे मेंढपाळ वर्षभर गावाभोवती फिरतात किंवा म्हातारी माणसं आणि व्यायलेल्या मेंढ्या घरी ठेवून उरलेला कळप बाहेर काढतात, त्यांच्यासाठी हा मेंढा योग्य आहे.

हाच जनुक मेरिनोत का रुजला नाही

बुरूला मेरिनो जगभर संशोधकांत गाजली, पण ऑस्ट्रेलियाच्या व्यापारी कळपांत तिचा प्रसार झाला नाही. कारण पुन्हा उत्पन्नाच्या उगमात आहे. मेरिनो फार्मचा पैसा लोकरीतून येत होता. पोटात आणि सडाखाली दोन कोकरं असलेल्या मेंढीची लोकर कमी निघते आणि त्या काळात धागा अशक्त होतो. हजारो एकरांच्या कुरणात मेंढी एकटी विते, जवळ माणूस नसतो, जुळ्यांतलं एक थंडीवाऱ्यात किंवा कोल्ह्याच्या तोंडी जातं. लोकर घटली आणि वाढलेली कोकरंही जगली नाहीत, तर फार्मरने ते रक्त का ठेवावं?

फलटणच्या कळपात लोकर घटली तरी फारसं काही बुडत नाही, आणि प्रत्येक मेंढीमागे माणसाची नजर असते. म्हणून बंगालमधून निघालेला जो जनुक लोकरीच्या देशात अडगळीत पडला तो मटणाच्या कळपात उपयोगी ठरला. अविकानगरच्या संस्थेनेही गॅरोलचंच रक्त मालपुरा आणि पाटणवाडी मेंढ्यांत आणून ‘अविशान’ ही जास्त कोकरं देणारी मेंढी २०१६ मध्ये दिली. लोकर सुधारण्यासाठी सुरू झालेली संस्था कोकरांच्या संख्येकडे वळली, यावरून देशातल्या मेंढीपालनाचा पैसा कुठे सरकला ते कळतं.

लोकरीचं काय करायचं

या हिशेबाचं पुढचं पाऊल कोणी असं टाकेल की लोकरच नको, केसाळ मेंढी करून टाका, कातरणीचे २,००० वाचतील. मला हे घाईचं वाटतं. डेक्कनीची मोकळी, भरड लोकर रात्रीच्या गारठ्यात आणि पावसाच्या सरीत तिचं अंग राखते, आणि उघड्यावर बसणाऱ्या कळपाला ती लागते. शिवाय महाराष्ट्रातल्या सुमारे २७ लाख मेंढ्यांपैकी शुद्ध डेक्कनी किती उरल्या आहेत हे बघता, काळ्या लोकरीचे मेंढे एकदा कळपांतून गेले की परत आणायला तीच जुनी रेषा शोधावी लागेल. घोंगडीला आजही यात्रेत, देवघरात, आणि आता शहरातल्या काही घरांत मागणी आहे. ती पातळ आहे, पण तिला काळी लोकर हवी असते आणि तिच्यासाठी ती जास्त भाव देते. रंगावरून लोकर वेगळी ठेवली, कातरण्याआधी मेंढ्या धुतल्या, गावातल्या चार-पाच वाड्यांनी मिळून विणकराशी थेट सौदा केला आणि किलोला ६७ रुपयांपर्यंत पोचलं, तर कातरणी फिटते. लोकरीतून नफा काढायचं स्वप्न न बघता तिचा खर्च तिच्यातूनच भागवणं, एवढं लक्ष्य ठेवणं शक्य आहे. त्यासाठी जात बदलावी लागत नाही. फक्त काळ्या मेंढ्याला जुळ्यांच्या मेंढ्याइतकंच जपावं लागतं.

सरकारी योजनांनीही इकडे लक्ष द्यायला हवं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. त्या गटातला तो एक नर कोणता असेल यावर त्या कुटुंबाचं पुढच्या दहा वर्षांचं उत्पन्न ठरणार असतं. अर्जदार फिरता आहे की स्थिर, घरी खुराक आहे का, कोकरं सांभाळायला माणसं किती, हे विचारून नर द्यायला हवा.

निर्णय, आणि पैशाची वेळ

वरचा पन्नास मेंढ्यांचा कळप गावाभोवती फिरणारा असेल, थोडा मका-कडबा घरचा असेल आणि कोकरांकडे बघणारं माणूस वाड्यावर असेल, तर मी दोन मेंढे सुचवीन : एक चाचणी केलेला, दोन्ही प्रती असलेला नारी सुवर्णा, आणि एक चांगल्या दुधाच्या आईचा काळा डेक्कनी. ज्या मेंढ्यांना भरपूर दूध आहे त्या पहिल्याकडे, उरलेल्या दुसऱ्याकडे. पहिल्याच्या मुलींच्या कानाला खूण करायची आणि त्याच मुली कळपात ठेवायच्या. त्यांना पुन्हा जनुकवाला मेंढा दाखवायचा नाही, नाहीतर पुढच्या पिढीत दुहेरी प्रतीच्या मेंढ्या आणि तिळी येतील. लांब पल्ल्याच्या वाड्याला मात्र मी निवडलेला डेक्कनीच सांगेन.

हा मेंढा घेणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगायला हवी. माडग्याळ मेंढा सोडला की पाच महिन्यांत कोकरू आणि पुढच्या चार महिन्यांत त्याचे वाढीव पैसे, म्हणजे नऊ महिन्यांत फरक हातात येतो. जुळ्यांच्या मेंढ्याचं पहिलं पीक साधंच असतं, कारण जुळी देणार आहेत त्याच्या मुली. मुलगी जन्माला यायला पाच महिने, ती फळायला वर्ष-सव्वा वर्ष, विण्याला पाच महिने, तिची कोकरं विकायला चार. सव्वादोन वर्षं मेंढपाळाला मेंढ्याचे वाढीव पैसे मोजून काहीच दिसत नाही, आणि मधल्या काळात अडचण आली की पहिल्यांदा विकल्या जातात त्या याच तरण्या मुली. फलटणसारख्या ठिकाणी हे रक्त पसरायचा वेग जनुकापेक्षा या सव्वादोन वर्षांवर जास्त अवलंबून आहे. व्यापाऱ्याची उचल अंगावर असलेल्या कुटुंबाला तेवढा काळ त्या मुली राखता याव्यात म्हणून कोणी थोडी रक्कम कमी व्याजाने दिली, तर तिचा उपयोग आणखी एक मेंढा फुकट वाटण्यापेक्षा जास्त होईल.